टोकावड्याच्या भजनात केतकीचा मधला सूर

माझी भाची केतकी गाणी रचते. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे जे सूर राहतात, तेच तिला पायजेत. पेटीत नायत तर कशाला पायजेत, मी विचारलं. ती समजावत बसली, तोवर माझ्या भाकऱ्या उरकल्या. पुण्याहून तिला एका कार्यक्रमाचं बोलावणं आलेलं, रेकॉर्डिंग पाठव नायतर येऊन गा. लोकांसमोर ती कधी गायलीच नव्हती. रेकॉर्डिंगच पाठवते म्हणाली. मी म्हटलं, आधी टोकावड्याला चल, माझ्या माहेरी. देवळात भजन असतं, तिथं गाऊन बघ, मग काय ते ठरव.

शहापूरवरून किन्हवलीमार्गे सरळगाव, एसटीने. बायांना अर्धं तिकीट. जाणार असाल तर सकाळचीच गाडी धरा, मागल्या गाडीचा भरवसा नाय. रस्ता मधेमधे कंबर मोडतो. सरळगावचा वडापाव गरम होता, तेवढंच त्याचं कौतुक. पुढं जीप. समोर माळशेजचे डोंगर, आणि ही कानात वायरी घालून, डोळे मिटून, आपलंच रेकॉर्डिंग ऐकतेय.

दिवेलागणीला केतकी गायला बसली. पेटीवर गणपतबुवा. तिने तो मधला सूर लावला. बुवांनी एक पट्टी दाबली, शेजारची दाबली, मग माझ्याकडं बघितलं. आता आमच्या मंडळाची रीत अशी, गाणाऱ्याचा सूर घसरला की टाळकऱ्यांनी आपला सूर देऊन त्याला उचलायचा. सगळ्यांनी मिळून उचलली. ती परत खाली, हे परत वर.

बुवा मायेनं म्हणाले, "घाबरू नको गो, आमी आहोत."

"काका, मी चुकत नाही. तो सूर असाच आहे."

"असं सगळेच म्हणतात गो."

पोरगी लाल झाली. मला वाटलं, उठली आता. तर म्हणते, "मग तुमी तुमचाच धरा. मी काय पण केलं तरी सोडायचा नाय."

मंडळाला एवढं बोललं की संपलं, मग ते हटायचे नायत. त्यांनी धरला, तिने शेजारी आपला लावला. दोन सूर एकमेकाला असे घासले की देवळात भुंगा शिरल्यासारखी घरघर सुरू झाली. माझी कवळी थरथरली. बुवांनी पेटी थांबवली आणि म्हणाले, परत म्हण. तिने परत म्हटलं, मग आणखी एकदा.

शहापूरला आल्यावर तिने जुनं रेकॉर्डिंग लावलं. स्वच्छ, कोणाचा खोकला नाय. पण घरघर पण नाय. हे अर्धंच आहे मावशी, म्हणाली, आणि पुण्याला कळवून टाकलं, येते, सोबत टाळकरी आहेत. टाळकऱ्यांना विचारायचं माझ्यावर आलं. बुवांना फोन लावला.

"येतो की शेवंते," बुवा म्हणाले. "पण तोवर पोरीचा सूर तेवढा बसवून घे."