फुग्यापासून लांब

मी नर्स आहे. बारा वर्षं सरकारी दवाखान्यात काढली. पू, रक्त, ओकारी, काय काय या हातांतून गेलं आणि हात धुऊन मी तिथंच डबा उघडला. पण सख्ख्या लहान बहिणीच्या सामानाची मला शिसारी येते. खोटं कशाला बोलू?

तिचं नाव मयुरी, वय चोवीस. चामोर्शीतल्या माझ्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये ती आणि तिची सायकल राहतात, उरलेल्या जागेत मी. सायकल पलंगाशेजारी. रात्री सायकलवर चादर टाकते. माझ्या अंगावर कधी टाकली नाही बयेनं. दोरीवर पोहण्याचे कपडे, त्यांना शेवाळाचा वास. खिडकीत बूट, त्यांना मेलेल्या उंदराचा वास. धावून धावून तिच्या पायाची नखं काळी पडतात आणि गळतात. एकदा एक नख माझ्या चहाच्या बशीत सापडलं.

"अवं बाई, ते फेकू नोको," ती मलाच म्हणते. मोठी बहीण म्हणून ती मला बाई म्हणते. "सरले फोटो पाठवाचा हाय त्याचा."

नखाचा फोटो! आणि तिकडून तिला शिकवणारा तो सर तो फोटो बघतो म्हणे. छ्या!

ट्रायथलॉन नावाचा हा खेळ ज्यानं काढला त्याला घरी काही काम नसावं. आधी दीड किलोमीटर पोहायचं, ओल्या अंगानं सायकलवर बसून चाळीस किलोमीटर जायचं, उतरलं की दहा किलोमीटर पळायचं. मधे श्वास घ्यायला बसणं नाही. खायचं तेही चालत्या सायकलवर, पाकिटातला गोड चिकट लगदा. खोकल्याच्या औषधासारखा लागतो तो. रिकामी पाकिटं ती कपड्याच्या मागच्या खिशात कोंबून आणते आणि माझ्या घरात मुंग्यांची रांग लागते. मी म्हटलं, यापेक्षा घरची आंबील ने बाटलीत. नेली. मे महिन्याचं ऊन, आंबील फुगली, झाकण उडालं आणि आंबट फेस तिच्या तोंडावर, मानेवर, केसांत. त्यावर आष्टी रोडवरच्या ट्रकांची लाल धूळ बसली. घरी आली तेव्हा तिला ओळखायला मला दोन मिनिटं लागली. नाक शिंकरलं तर लाल शेंबूड. वासाचं तर बोलूच नका.

एक दिवस जेवताना सांगते, "बाई, मी आता सायकलवर बसल्या बसल्या लघवी कराची प्रॅक्टिस करून राह्यली. थांबलं तं टाइम जाते ना."

मी ताट उचललं आणि अंगणात जाऊन जेवले.

हे सगळं तिनं कशासाठी पत्करलं, तेही ऐका. ही पोट्टी वनरक्षक होती. पोंभुर्ण्याकडच्या जंगलात बीट होता तिचा, गस्तीचा. भरतीच्या धावण्यात जिल्ह्यातल्या पोरींत पहिली आली होती. खाकी वर्दी, सरकारी पगार, पेन्शन. आमच्या ढीवरांच्या, मासे मारणाऱ्यांच्या वस्तीत तिच्याआधी सरकारी नोकरीत मी एकटी. बाबांनी पोस्टातून आलेली तिची ऑर्डर देव्हाऱ्यात ठेवली होती. दोन वर्षांत तिनं राजीनामा दिला. का, तर नागपूरच्या एका क्लबानं तिची निवड केली होती. तरणतलावात तिची वेळ घेतली, तिला धावायला लावलं, सायकल चालवायला लावली आणि करार केला. सायकल त्यांची, बूट त्यांचे, महिन्याचा पगारही त्यांचा. अट एवढीच की व्यावसायिक मुलींच्या पहिल्या शर्यतीत पहिल्या सहांत आलं पाहिजे. आली तर करार वाढणार. नाही आली तर सायकल परत आणि घरचा रस्ता. वनविभाग काही तिची खुर्ची राखून ठेवणार नव्हता.

"अन सातवी आली तं?" मी विचारलं.

"नाई येत."

"अगं पण आली तर?"

"बाई, तू ना, पेशंटले पण असंच विचारत असशीन, मेला तं म्हून."

तिच्याशी बोलणं म्हणजे स्वतःचं डोकं फोडून घेणं.

पोहण्याचा सराव आमच्या गावच्या तलावात. चामोर्शीपासून सात किलोमीटर. आमचे बाबा, नाव वारलू, त्या तलावात चाळीस वर्षं मासे मारतात. पोहायला आम्हा दोघींना त्यांनीच शिकवलं. मी आठवीत तो नाद सोडला. एका बाजूनं म्हशी डुंबतात, दुसऱ्या बाजूला गणपतींचे सांगाडे पडलेले, काठाला जळवा. त्या पाण्यात ही रोज पहाटे तोंड घालून पोहते आणि बाबा डोंग्यात बसून जाळं ओढता ओढता तिच्यावर नजर ठेवतात. क्लबाचे प्रणित सर महिन्यातून दोनदा नागपूरला बोलावून तरणतलावात पोहणं तपासायचे. आमच्या तलावाकडे कधी फिरकले नाहीत. त्यांनी ते पाणी बघितलं असतं तर करार तिथंच फाडला असता.

त्याहून घाण पाण्याबाहेर होती. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, दहा-बारा बाप्ये येऊन बसायचे. हातात मोबाईल. पोरगी पोहण्याच्या कपड्यात पाण्याबाहेर आली की मोबाईल वर. एकदा मी दवाखान्यातून थेट तिथं गेले आणि एकेकाच्या आईबहिणीचा उद्धार केला. त्यांत आमचे उपसरपंच दादाजीही होते. ते म्हणाले, "आमी तं पोरीचं कौतुक पाह्यले आलो, सिस्टर." याच दादाजींनी पुढच्या आठवड्यात तिचा सत्कार ठेवला. शर्यत अजून व्हायची होती! पण आमच्याकडे निवड झाली की शाल, नारळ, बॅनर. बॅनरवर तिचा फोटो कोणता? वनरक्षकाच्या वर्दीतला. पोहण्याच्या कपड्यातला बॅनरवर चालत नाही, मोबाईलमध्ये चालतो. दादाजींनी भाषणात तिला गावची लेक म्हटलं. छ्या!

फेब्रुवारीत शर्यत झाली, नागपूरच्या बाहेर एका धरणावर. मी रजा टाकली. बाबा धुतलेला पायजमा घालून आले, हातात तिच्यासाठी टॉवेल. गावाबाहेरचं एवढं मोठं पाणी त्यांनी बऱ्याच वर्षांनी बघितलं असावं. काठावर उभं राहून वारा बघितला, पाण्याचा रंग बघितला. "मासा असन इथी," म्हणाले.

पाण्यात मोठाले नारिंगी फुगे सोडलेले होते. पोरींनी त्या फुग्यांना वळसा घालून दोन फेऱ्या मारायच्या. शिट्टी झाली, सोळा पोरींनी उड्या टाकल्या. आमची मयुरी सुरुवातीलाच चौथी. मी ओरडत होते, ओरडताना बाबांचा दंड दाबत होते. पहिला फुगा आला. पुढच्या तिघी फुग्याला अंग घासून वळल्या. मागच्याही तशाच आल्या. आणि आमची पोट्टी? फुगा दिसल्याबरोबर बाहेरच्या बाजूला सरकली आणि बैलगाडी वळवावी तसं भलंमोठं वळण घेऊन गेली. त्या एका वळणात दोघी तिच्या पुढं निघाल्या.

"शाब्बास!" बाबांनी मांडीवर थाप मारली. "दुरून गेली. ध्यानात हाय पोरीच्या."

तेव्हा कुठं मला उमजलं. आमच्या तलावात पाण्यावर रिकामी बाटली तरंगत असली की तिच्याखाली जाळं असतं. नायलॉनचं बारीक जाळं, पाण्यात दिसत नाही. एकदा पाय गेला की जितकं झाडावं तितकं आवळत जातं. बाबांचा धाकटा भाऊ सोळाव्या वर्षी असाच गेला. म्हणून आम्हाला हात मारता यायच्या आधी बाबांनी एकच गोष्ट शिकवली, तरंगतं दिसलं की लांब जायचं. चुकलं की पाण्याबाहेर काढून छडी. मयुरीनं ती छडी माझ्यापेक्षा जास्त खाल्ली आहे. तिच्या डोक्याला माहीत होतं की हे शर्यतीचे फुगे आहेत. तिच्या अंगाला माहीत नव्हतं.

एका फेरीत चार फुगे, दोन फेऱ्या. आठही वेळा ती तशीच लांबून गेली आणि आठही वेळा माझा बाप खूश झाला. पाण्यातून निघाली तेव्हा नववी होती.

सायकलवर तिनं दोघींना गाठलं. पळताना तर जीव तोडला तिनं. शेवटच्या वळणावर सहावी पोरगी तिला समोर दिसत होती, तिची वेणी दिसत होती. अकरा सेकंदांनी मयुरी सातवी आली. रेषा ओलांडली आणि माझ्या चपलांवर भडाभडा ओकली. पिवळं पाणी आणि तो गोड लगदा. मी तशीच उभी राहून तिची पाठ चोळत होते. मनातून इतकी चिडले होते! त्या सातव्या नंबरावर, त्या फुग्यांवर, त्या राजीनाम्यावर.

प्रणित सर आले. तिच्या मनगटावरच्या घड्याळात ती कुठून कशी पोहली त्याचा नकाशा निघतो. तो त्यांनी मोबाईलवर दाखवला. "बाकीच्यांपेक्षा सव्वाशे मीटर जास्त पोहलीस तू. प्रत्येक फुग्याशी एवढी बाहेर का गेलीस? खरं सांग मला. अंगात दम राहिला नसेल तर माझ्या हातात काही नाही. पण चूक झाली असेल तर ती सुधारता येते. महिन्याभरात आणखी एक शर्यत आहे, मी क्लबाशी बोलतो."

बाबा शेजारीच होते, टॉवेलची घडी हातात घेऊन. मयुरीनं त्यांच्याकडे बघितलं.

"पायात गोळा आला सर," ती म्हणाली. "दम सरला."

अगं भवाने! नोकरी गेली, आता हेही घालवून बसते, आणि कशासाठी, तर बापाला वाईट वाटू नये म्हणून! मला राहवलं नाही.

"खोटं बोलून राह्यली ही," मी म्हटलं. "गोळा-बिळा काही आला नाही, सर. बाबांनी लहानपणापासून छड्या मारून शिकवलंय, तरंगतं दिसलं की लांब जा, खाली जाळं असतं. ती जाळ्याला भिऊन वळत होती. आठही वेळा."

बाबांनी टॉवेलची घडी उलगडली, परत घातली. मग सरांना विचारलं, "म्हंजे त्या फुग्याइच्या खाली जाळं नाई?"

"नाही काका. दगड बांधलेला असतो फक्त. खुणेसाठी."

"नुसता फुगा?"

"नुसता."

"थू!" बाबा बाजूला थुंकले. "जाळं नाई तं फुगा कायले सोडता बे पान्यात?" आणि ते बसस्टँडच्या दिशेनं चालायला लागले. टॉवेल त्यांच्याच हातात राहिला.

 परतीच्या बसमध्ये गडचिरोली आलं तेव्हा मयुरी म्हणाली, "त्याइच्या समोर काऊन सांगतलं वं?" मला माझ्या तोंडाची किळस आली होती, हे खरं आहे. पण पुन्हा कुणी विचारलं तर पुन्हा सांगीन.

सरांचा तिसऱ्या दिवशी फोन आला. पुढच्या शर्यतीपर्यंत सायकल तिच्याकडे राहील. ती शेवटची संधी. फुग्याला चिकटून वळता आलं पाहिजे.

त्याच संध्याकाळी बाबांनी तीन बाटल्यांची जाळी कापून टाकली. पाच लिटरच्या बाटल्या, खाली फक्त दगड, आणि तलावाच्या मधोमध सोडल्या. दुसऱ्या पहाटेपासून डोंग्यातून ओरडायला लागले, "चिपकून जाय! खाली काई नाई! अवं खाली काई नाई वं!" मयुरी जायची, बाटली दोन हातांवर आली की अंग आपोआप बाहेर सरकायचं. चार दिवस हेच. पाळीवरचे बाप्ये खिदळायचे. पाचव्या दिवशी ती काठाजवळच्या पाण्यात उभी राहून रडली. "डोस्क्याले समजते बाबा. पायाले नाई समजत."

मी पाळीवर होते, चपलेला शेण, घोट्याला जळू चिकटलेली. बाबांनी डोंगा बाटलीपाशी नेला आणि बंडी-पायजम्यासकट पाण्यात उडी टाकली. बासष्टचं वय. भाऊ गेल्यापासून तरंगत्या बाटलीजवळ ते स्वतः कधी उतरलेले नाहीत, डोंग्यातूनच काम करतात. एका हातानं बाटली धरली, खाली पाय झाडायला लागले, जोरजोरात, जाळं असतं तर केव्हाच आवळलं असतं एवढे. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"ये!" त्यांनी हाक मारली.

मयुरी निघाली. डोकं खाली घालून थेट निघाली. या वेळी वळली नाही आणि सरळ बाबांच्या तोंडावर कोपर आदळलं. ओठ फाटला, हनुवटीवरून रक्त. मी काठावरून बोंबलले, "बाबा, बाहेर या आधी! टाके पडतील! म्हशी हागतात त्या पाण्यात!"

बाबांनी रक्त पाण्यातच थुंकलं आणि बाटली छातीशी घट्ट धरली.

"पाह्यलं ना, खाली मीच आहो," ते मयुरीला म्हणाले. "जाय वापस. अन आता याच्याहून जवळून ये."