'प्राशन' हा शब्द माझा होता

ती घटना आजही आठवते म्हणण्यापेक्षा, माझंच अक्षर मला ती विसरू देत नाही.

नवापूरजवळच्या एका पोल्ट्रीत गोचिडांचं औषध फवारणारा मजूर शेडमध्येच मेला. माझ्या ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली. पंचनाम्यात मी 'पाठीवर लालसर चट्टे' लिहिलं आणि कारणापुढे सवयीने 'विष प्राशन'. असले कागद लिहून लिहून हात डोक्याच्या पुढे धावतो.

त्या एका शब्दावर त्याच्या बायकोचा भरपाईचा दावा अडला. महिन्याभराने ती प्लास्टिकच्या पिशवीत नवऱ्याच्या अंगावरचा त्या दिवशीचा सदरा घेऊन ठाण्यात आली. तिच्या तळहातांची सालं निघाली होती. त्याचे फवारणीचे कपडे घरी तीच धूत असे.

"साहेब, त्यासनी काही पिधं नही. पंप गळे. लोके म्हणतस, मन्हामुळे जीव दिधा. कोणी मन्हा दारमा येत नही."

हा सदरा मात्र तिने धुतला नव्हता. डाग पाठीवर होता. पिणाऱ्याच्या छातीवर सांडतं, पाठीवर कसं सांडेल? मी मनात स्वतःलाच शिव्या घातल्या आणि सदरा पंचांसमक्ष जप्त केला.

शेडचा मॅनेजर "पिऊनच मेला" यावर अडून बसला. दोन तास गेले. शेवटी मी तोच पंप मागवला. आतलं उरलेलं औषध नमुन्याला काढून घेतलं, पंप धुऊन साध्या पाण्याने भरला, पाठीवर अडकवला आणि त्याच्यासमोर आवारात फेऱ्या मारल्या. मग त्याच्याकडे पाठ केली. माझा युनिफॉर्म पाठीवर कमरेपर्यंत भिजला होता.

"पंपाचं वायसर बदलायचं राहून गेलं, साहेब," तो खाली बघत म्हणाला.

प्रयोगशाळेला सदऱ्यात तेच औषध सापडलं. कामगार न्यायालयात मालकाच्या वकिलाने विचारलं, "'प्राशन' हा शब्द कोणाचा?"

"माझा. आणि चुकीचा," मी म्हणालो.

दावा मंजूर झाला. बाहेर व्हरांड्यात ती निकालाची प्रत घेऊन थांबली होती.

"साहेब, हाऊ कागद गावमा वाची दाखाडशात का?"

बंदोबस्त आहे, पुढच्या आठवड्यात बघू, असं मी म्हणालो. मग माझी बदली झाली.

कागदावरचा शब्द दुरुस्त करून खाली सही करता येते. गावाच्या तोंडातला शब्द खोडायला गावातच जावं लागतं, हे मला फार उशिरा कळलं. निवृत्तीनंतर माझ्याही दारात कोणी फिरकत नाही. दुपारी दाराकडे बघत बसलो की ती आठवते आणि लाज वाटते.

तो कागद वाचायला पाच मिनिटं लागली असती.