माळाचा एक तुकडा राखला तेव्हा

आमच्या गावामागं, जिंतूरकडच्या डोंगराच्या अंगाला, गायरानाचा मोठा माळ आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यावर मुरूम, दगड आणि तरवडाची झुडपं एवढंच होतं. पावसाळ्यात गवताचं पातं वर येतं न येतं तोच गावातले सगळे कळप त्यावर तुटून पडायचे. आमचाही त्यातच. दिवाळी झाली की चारा संपायचा. मग सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, आणि आमचे मालक मेंढरं घेऊन गोदाकाठाकडं निघायचे, ते उन्हाळा सरता सरता परत यायचे.

एका वर्षी मी बहिणीच्या गावी गेले. तिथला माळ आमच्यासारखाच मुरमाड, पण त्याचा एक भाग लोकांनी पावसाळाभर जनावरं न सोडता राखला होता. आत गवत माझ्या कमरेला लागत होतं. मी त्यात नुसती हात फिरवत हिंडले. निघताना एक पेंढी पिशवीत घातली आणि एसटीत ती मांडीवर धरून बसले.

घरी आल्यावर ती मामांपुढं ठेवली. त्यांनी एक काडी दातांनी चावली.

"मारवेल गवत हाय. कुठलं?"

"माळावरचं. आपल्यासारख्याच माळावरचं."

"माझ्या लहानपणी आपल्याकडंबी होतं," एवढंच ते बोलले. पण काडी बराच वेळ तोंडात धरून बसले.

मग माळाचं काय करायचं यावर देवळापुढं गावाची बैठक झाली. बायामाणसांत मीच बोलले. नाल्याकडचा एक तुकडा दसऱ्यापर्यंत बंद ठेवायचा, बाकीचा माळ मोकळा, आणि थकलेली जनावरं पावसाळ्याआधी विकून कळप थोडे लहान करायचे, असं मी मांडलं. एक जण म्हणाला, "मंग मेंढरं काय धोंडे खातील?" सगळे हसले. तेव्हा मामा उठले. "एक साल करून बघू. न्हाई जमलं तर माळ कुठं पळून चाललाय?" त्यांच्या शब्दाला मान होता. तुकडा राखायचं ठरलं.

श्रावणात पावसानं ओढ दिली. मोकळा माळ खरवडल्यासारखा झाला, आणि नाल्याकडं हिरवं गवत वाऱ्यावर हलत होतं. मी बांधाजवळ सोयाबीन खुरपत होते. मान वर केली तर एक कळप राखलेल्या तुकड्याकडं उतरत होता. खांद्यावरच्या घोंगडीवरून ओळखलं, मामाच होते. दुसरे दोघं मेंढके वर थांबून बघत होते.

मी खुरपं टाकून धावले आणि मेंढरांच्या पुढं जाऊन उभी राहिले.

"मामा, फिरवा कळप."

"कोकरं उपाशी हायेत. मेंढ्यांना दूध उतरंना."

"मला दिसायलंय मामा. पण आज आपली आत गेली, तर उद्या सगळ्यांची जातील."

त्यांच्या तोंडावर असं मी कधीच बोलले नव्हते. त्यांनी एकदा वरच्या मेंढक्यांकडं पाहिलं, मग शीळ घातली आणि मेंढरं माघारी वळवली. त्या दिवशी घरात कोणी कोणाशी बोललं नाही.

सकाळी मात्र मामा स्वतःच देवळापुढं गेले. "मेंढरू आत नको," ते म्हणाले. "नाल्याकडं जमीन अजून वल्ली हाय, तिथं ते गवत मुळासकट उपटतं. इळ्यानं कापलं तर पुन्हा फुटतं. ज्याच्या घरी दूध पाजणारी मेंढी हाय, त्यानं एक भारा कापून न्यावा." ते सगळ्यांना पटलं. गवत कापून परतताना मामांच्याच डोक्यावर पहिला भारा होता. तो मी उतरून घेतला. आमच्यातला अबोला तिथंच संपला.

मग पाऊस आला तो झोडपूनच. उघडला तसे मालक नाल्याकडून पळत आले. "चल लवकर, तुला काहीतरी दाखवायचंय." दोन ओघळ नाल्यात मिळत होते. मोकळ्या माळावरून येणारा तांबडा, मातीनं दाट. राखलेल्या तुकड्यातून येणारा इतका नितळ की तळाचे खडे दिसत होते. मी साडी खोचून दोन्हींच्या मधोमध उभी राहिले. एका पायावरून चिखल वाहत होता, दुसऱ्यावरून स्वच्छ पाणी. आपला माळ दरवर्षी असा नाल्यातून निघून जात होता, हे माझ्या पायांना कळलं. मी शेजारणींना हाका मारल्या, त्यांनी आणखी बायांना. बघायला निम्मं गाव जमलं.

दसऱ्याच्या सुमाराला गवताचं कुसळ टणक व्हायच्या आत तुकडा उघडायचा होता, नाहीतर ते मेंढरांच्या कातडीत रुततं. आदल्या दिवसापासून माझं स्वयंपाकात लक्ष नव्हतं. दोनदा भाकरी करपली. सकाळी सगळे कळप कडेला उभे. मामांनी मला खूण केली, "तू म्होरं हो."

मी आत शिरले, मागोमाग मेंढरं. क्षणभर ती बावरली, एवढं गवत त्यांनी पाहिलंच नव्हतं. मग माना खाली गेल्या आणि नुसत्या पाठी दिसू लागल्या. पुढून तितरांची जोडी फडफडत उडाली. मग सगळीकडून एकच आवाज, कुरूकुरू चरण्याचा. मला हसू आवरेना. मालकही हसत होते, उगाच.

त्या वर्षी गोदाकाठाकडं मामा आणि मालक फार उशिरा निघाले आणि लवकर परतले. कळप लहान होता, पण कोकरं चांगली भरली.

पण तुकडा उघडला त्याच दिवशी, गवतात उभ्याउभ्याच, वाद सुरू झाला. पुढच्या पावसाळ्यात कोणता भाग राखायचा? जो तो आपल्या वस्तीजवळचा सांगत होता. "देवळाकडचा," एक म्हणाला. "तिथं नुसता खडक हाय," मामा त्याला म्हणाले, "पलीकडच्या वढ्याकडचा घ्या, मी दाखवतो चला," आणि मेंढरं माझ्यावर सोडून ते त्या सगळ्यांना घेऊन चालू लागले.