नेरिनाच्या हातातला राजा

फेर्रारात ब्रिस्कोला हा पत्त्यांचा डाव खेळताना भिडूला खुणा न करणारा माणूस एकतर परगावचा असतो, नाहीतर मेलेला. ओठांचा चंबू म्हणजे माझ्याकडे एक्का, नजर छताकडे म्हणजे राजा. म्हणून "चेहरा अजिबात हलवायचा नाही" हे ऐकताच नेरिना खुर्चीतून अर्धवट उठली.

"चेहरा हलला की मेंदूची नोंद बिघडते," तिच्या डोक्यावर तारांची टोपी बसवत संशोधक मिकेला म्हणाली. भिडू म्हणून खेळताना दोन मेंदू कितपत जोडीनं चालतात, हे तिला मोजायचं होतं. समोर नवरा तुल्यो, तशाच टोपीत. प्रयोगासाठी दोघांची नावं त्यानंच दिली होती, पठ्ठ्यानं.

"लग्नातसुद्धा मला एवढं नटवलं नव्हतं," तो म्हणाला.

नेरिना हसली नाही. चौतीस वर्षं तिनं पोस्टाची खिडकी सांभाळली, अख्ख्या पेठेचे पत्ते तोंडपाठ. आता शेजारणीचं नावही जिभेवर येईना. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, तुल्योला तर नाहीच. कळलं असतं तर बोलोन्याला राहणारी लेक दुसऱ्याच दिवशी वृद्धाश्रमाचा फॉर्म घेऊन दारात उभी राहिली असती. आणि आता हे यंत्र डोक्यातलं पोकळ घर सगळ्यांना दाखवणार होतं.

दोन विद्यार्थ्यांविरुद्ध डाव रंगला. हुकुमाचं पान गड्डीखाली उघडं होतं, तोवर निभावलं. मग गड्डी संपली, ते पानही कुणीतरी उचललं. रिवाजाप्रमाणे शेवटच्या तीन हातांआधी नवराबायकोनं एकमेकांची पानं पाहिली.

नेरिनाची उतारी आली. हुकूम पेल्यांच्या रंगाचा होता की तलवारींच्या? काही केल्या आठवेना. काचेपलीकडून मिकेला बघत होती.

तुल्योनं नजर छताकडे नेली.

तिनं राजा टाकला. तो हुकुमाचाच निघाला.

"सिन्योर तुल्यो, डोळे हलवू नका हो."

"जुनी खोड आहे, बाई."

पुढच्या दोन्ही हातांनाही कुठलं पान टाकायचं, हे त्यानं खुणेनंच सांगितलं. शेवटी मिकेलानं कपाळाला हात लावला आणि त्यांची नोंद बाद केली. नेरिनाला हायसं वाटायला हवं होतं. पण खूण करायची ती आपल्या हातातल्या पानाची. तुल्योची पानं तिनं पाहिली होती, त्यांत राजा नव्हताच. राजा तिच्याकडे होता.

संध्याकाळी घरी न्हाणीघरात तो तिच्या केसांतलं त्या टोपीचं चिकट जेल धूत होता.

"कधीपासून माहीत आहे तुला?" तिनं विचारलं.

"नाताळापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तू घाबरली असतीस."

"घाबरलेलीच आहे मी, तुल्यो."

त्यानं नळ बंद केला. टॉवेल तिच्या डोक्यावर टाकला आणि हळूहळू केस पुसू लागला.

"मीही," तो म्हणाला.