तोंडातल्या चार टाचण्या

गल्लीतल्या शिंप्याला साठीला ब्लूज, म्हणजे ते अमेरिकेतलं दुखऱ्या सुरांचं संगीत, शिकायची हुक्की आली. माउथ ऑर्गन घरात आला आणि याच्या जिवाला चैन पडेना. मशीनवर पाय चालायचा, पण हात सारखा खिशाकडे. त्या नादात एका वकिलाच्या पँटचा एक पाय चांगला चार बोटं आखूड झाला, पण ब्लूजमधला तो हुंदका काही येईना. फुंकलं की सूर ठणठणीत यायचा. हुंदका मात्र येतो श्वास आत ओढल्यावर, आणि तिथे याचा घसा कुलूप लावल्यासारखा बंद!

"रविवारपर्यंत हा बाजा रडला तर रडला," बायकोनं सुनावलं, "नाहीतर जाईल बटणांच्या डब्यात."

शनिवारी तो दुकानात नुसत्या येरझाऱ्या घालत होता, ओठांत नेहमीच्या चार टाचण्या. बायको बघत राहिली.

"अहो, चाळीस वर्षं टाचणी गिळायच्या धाकानं तुम्ही तोंडानं श्वास घेतलाच नाहीत. वाजवताना टाचण्या काढता, पण घशाला कोण सांगणार?"

तिनं तळहात पुढे केला. "ठेवा. एक, दोन, तीन, चार. आहेत ना सगळ्या? आता ओढा बिनधास्त."

त्यानं बाजा ओठांना लावला आणि तिच्या हाताकडे बघत श्वास ओढला. सूर वाकला, घसरला आणि खरोखर रडला.

"झालं ना? आता तरी स्वस्थ बसा."

"छे! हा दुसऱ्या छिद्रातला. तिसऱ्यातला अजून कुठे आलाय? तू हात तसाच धर."