छायाकाकूचं मत

छायाकाकू खासदार झाली तेव्हा दिल्लीहून आलेल्या पहिल्या फोनवर कुणीतरी विचारलं, "ताई, कोणाच्या बाजूला बसणार?"

"मागं," ती म्हणाली आणि झेंडू तोडायला निघून गेली. अपक्षांना जागा मागच्या बाकांवर मिळते, एवढं तिला ठाऊक होतं.

लग्न होऊन ती नाशिकजवळच्या मखमलाबादला आली ती फुलवाल्यांच्याच घरात. पहाटेची तोड, टेम्पो, मग फुलबाजारात उन्हं चढेपर्यंत उभं राहणं. बाजारात बायकांसाठी संडास हवा म्हणून ती भांडली, पावसात माल भिजतो म्हणून शेडसाठी भांडली. भांडता भांडता लोकांनी तिला निवडणुकीला उभं केलं आणि निवडूनही आणलं. दोन्ही मोठ्या पक्षांना तिकिटाच्या वेळी ती आठवली नव्हती. आता मात्र मतदान जवळ आलं की दोघांचेही फोन येतात.

पक्षाच्या खासदाराला कसं मत द्यायचं ते पक्षाचा आदेश सांगतो. काकूला आदेश देणारं कुणी नाही. विधेयक आलं की ती घरी मराठीतून वाचून घेते आणि शेवटी एकच विचारते, "यात नुकसान कोणाचं?" मग ज्याचं नुकसान होणार त्याच्या घरी जायचं, चहा प्यायचा आणि आपण काय करणार ते तोंडावर सांगायचं. जे सांगायला जीभ रेटत नाही, तसं मत द्यायचं नाही. ही रीत तिनं बाजारातून उचलली. तिथं माल नाकारायचा तर ढिगासमोर उभं राहून नाकारतात, निरोप पाठवत नाहीत.

गेल्या वर्षी प्लास्टिकच्या फुलांवर बंदी घालणारं विधेयक आलं. मखमलाबादला सण आल्यासारखं झालं. प्लास्टिकच्या तोरणांमुळे दसऱ्याला शेवंती बाजारातून परत आणावी लागत होती. काकूचे यजमान, धोंडीरामकाका, यांनी तर परत आलेली शेवंती बांधावर ओतली होती. काकूचं मत कुठे जाणार याची कुणाला शंकाच नव्हती.

काकू नाशिक रोडला गेली. तिथं एका चाळीत बायका घरात बसून प्लास्टिकची तोरणं ओवतात. त्यांच्यातल्या लताबाईंनी तिला खुर्ची दिली आणि हातातला प्लास्टिकचा झेंडू पुढे केला.

"तुमच्याच फुलाची नक्कल हाय. जमलीय का?"

"माझ्यापेक्षा रंग चढलाय," काकू म्हणाली. मग चहा संपवून तिनं सांगितलं, "ही बंदी मला पाहिजे, लताबाई."

लताबाईंनी तो झेंडू तोरणात ओवला. "ठीक हाय. पण उद्यापासूनच का? आम्ही दुसरं काही शिकू तरी. एक वर्ष तर द्या."

काकूला ते पटलं. वर्षभराची मुदत मागेन, ती मिळाली नाही तर विरोधात मत देईन, असा शब्द देऊन ती उठली.

रविवारी मारुतीच्या पारावर तिनं हेच फुलवाल्यांना सांगितलं. गलका झाला. बहिरूआबा, गावातले सगळ्यात जुने फुलवाले, काठी आपटत म्हणाले, "छाया, तू फुलवाल्यांची का प्लास्टिकवाल्यांची?"

"तुमचीच, आबा. म्हणून तर आधी तुम्हाला सांगायला आले."

"मग पुढल्या टायमाला मतं पण त्यांच्याकडंच माग!" मागून कुणीतरी ओरडलं.

"मागणारच. त्या काय लंडनला मतदान करतात?"

दोघं-तिघं हसले. बाकीचे उठून गेले.

घरी आल्यावर काकांनी हळूच विचारलं, "बाजूचं हिरवं आणि विरोधातलं लाल सोडून तिसरं बटण असतं म्हणे. पिवळं, तटस्थांचं. कोणीच रुसणार नाही."

"असतं. पण लताबाईंना मी पिवळं सांगून नाही आले."

त्या रात्री काका नीट जेवले नाहीत.

मतदानाच्या दिवशी काकांच्या ओसरीवर टीव्हीसमोर फुलवाले जमले. रागावलेले होते, तरी आले होते. लोकसभेत काकूला बोलायला जेमतेम दोन मिनिटं मिळाली. तिनं मुदतीची दुरुस्ती मांडली. आवाजी मतदानात दुरुस्ती पडली. मग विधेयकावर बटणं दाबून मतदान झालं, फलकावर आकडे आले आणि विधेयक मंजूर झालं. ओसरीवर शिट्ट्या वाजल्या, पेढ्यांचा पुडा फुटला.

"छायानं हिरवंच दाबलं असणार," बहिरूआबा म्हणाले. "घरचा माल कोण नाकारतं? आणि कुणी काय दाबलं ते टीव्हीत थोडंच दिसतंय."

तेवढ्यात काकांचा फोन वाजला, काकूचा होता. ते ऐकत राहिले, "बरं" म्हणाले आणि फोन खिशात टाकला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. फोनवरचं दुसऱ्या कुणालाच ऐकू आलं नव्हतं. काकांनी काहीही सांगितलं असतं तरी त्या संध्याकाळी चाललं असतं.

"लाल दाबलं तिनं," काका म्हणाले. "रविवारी सांगितलं होतं तेच. आणि तुम्हाला पेढे खायला सांगितलेत."

आबांनी हातातला पेढा पुड्यात परत ठेवला आणि चपला घातल्या. त्यांच्यामागे ओसरी रिकामी झाली. कायदा फुलवाल्यांच्या मनासारखा झाला होता, तरी त्या घरात निवडणूक हरल्यासारखी शांतता होती. काका एकटेच बसून राहिले. मग त्यांनी एक पेढा उचलला आणि सावकाश, पूर्ण खाल्ला.

सकाळी ते नेहमीसारखे फुलबाजारात गेले. टेम्पोतून क्रेट उतरवत होते तेव्हा परजिल्ह्यातल्या एका व्यापाऱ्यानं चार लोकांत हाक दिली, "या, या! प्लास्टिकवालीचे मालक आले!"

काकांनी क्रेट खाली ठेवलं. कंबर सरळ केली.

"खासदारीणबाईंचे म्हण," ते म्हणाले. "आणि त्या काय मत देणार ते आम्हाला आधीच माहीत होतं. तुझ्या खासदारानं काय दिलं, विचारलंस का त्याला?"

व्यापारी हसला आणि पुढच्या टेम्पोकडे वळला. काका वाकले आणि क्रेटवरचं ओलं गोणपाट बाजूला केलं.