बोटांखालची टिंबे

छापखान्यातील ते मुद्रितशोधक जन्मांध. संगणकाला जोडलेल्या एका पट्टीवर ब्रेलची बारीक टिंबे उभी राहत, आणि त्यांवरून तर्जनी फिरवीत ते ग्रंथ वाचीत. अक्षरजुळणी त्यांच्या थोरल्या वहिनींकडे. एकाच टेबलाशी समोरासमोर बसून दोघांचे अर्धे आयुष्य चुका दाखवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेले होते.

"वहिनी, इथे एक ओळ गळली आहे."

"तुमच्या बोटांना दुसरा उद्योग नाही का हो, भावोजी?" असे म्हणत वहिनी ओळ भरीत.

त्या उन्हाळ्यात मात्र वाक्ये मध्येच विझू लागली. टिंबांच्या जागी बोटाला गुळगुळीत पृष्ठ लागे; क्षणभराने अक्षरे परतत, पुन्हा लुप्त होत. मधुमेहाने बोटांची संवेदना जाऊ शकते, असे डॉक्टरांनी पूर्वीच बजावले होते. ज्याची दृष्टी अंगुलीच्या अग्रावर वसते, त्याला दुसऱ्यांदा अंध होण्याचे भय कसे ग्रासत असेल, हे डोळसांनी कल्पनेनेच जाणावे. कित्येक दिवस ते त्याच ओळी पुन्हा पुन्हा चाचपीत राहिले. अखेर एका दुपारी हात मांडीवर ठेवून म्हणाले, "उद्यापासून दुसरा माणूस बघा, वहिनी. माझी बोटं गेली."

वहिनी उठून त्यांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. "वाचा बघू माझ्यादेखत."

दोन शब्द वाचून ते थांबले. "गेलं."

वहिनींनी वाकून पट्टी निरखली. "अहो, टिंबंच खाली बसलीत. बोटं काय हवा वाचणार?"

त्या पट्टीला स्वतःची वीज नव्हती. यूएसबीच्या तारेतून संगणक जेवढी देईल, तेवढ्यावर तिचा प्राण. त्याच तारेवरच्या हबला, म्हणजे एका तारेतून अनेक जोडण्या देणाऱ्या डबीला, वहिनींचा फोन लावलेला होता, आणि भावोजींना उकडू नये म्हणून त्यांनीच हौसेने आणलेला चिमुकला पंखाही. एवढ्यांना ती वीज पुरेना. पंखा जोरात फिरू लागला की पट्टी निष्प्राण होई, आणि संगणकाशी तिचे नातेच तुटे.

वहिनींनी पंख्याची तार काढली. टिंबे पुन्हा उभी राहिली.

"म्हणजे मीच..." वहिनी पंखा हातात धरून म्हणाल्या.

"वारा मात्र छान होता," भावोजी म्हणाले, आणि घाम न पुसता पान पहिल्यापासून वाचू लागले. वहिनी जागच्या हलल्या नाहीत.

"वहिनी."

"काय?"

"खालून चौथ्या ओळीत 'त्यानंतर' दोनदा पडलंय."

"पडू दे," वहिनी पदराने डोळे टिपत म्हणाल्या. "आणखी शोधा."